खुलासा : ग्रीक बेटांच्या क्रूझला एकेरी शेंगेन व्हिसा पुरतो का?

‘जहाज ग्रीसचं, मुक्काम जहाजावरच, म्हणून एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा चालतो, मुलाला तर अर्धीच फी’ हा फिरता संदेश भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी दोन्ही बाबतींत चुकीचा आहे.

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सुटणाऱ्या तीन-चार दिवसांच्या बऱ्याच फेऱ्या मिकोनोसनंतर कुशादासीला थांबतात. कुशादासी तुर्कस्तानात, म्हणजे शेंगेन या युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसा-क्षेत्राबाहेर. तिथून पात्मोस किंवा रोड्स या ग्रीक बेटांवर येणं हा दुसरा प्रवेश. एकेरी व्हिसा तोपर्यंत संपलेला असतो, त्यामुळे पिरेयसलाच जहाजावर चढू न देण्याची वेळ येते. व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात ‘०१’ नव्हे, ‘०२’ किंवा ‘मल्ट’ (अनेक प्रवेश) हवं. अर्ज भरतानाच तसं मागा आणि सोबत बंदरांचा पूर्ण कार्यक्रम जोडा. तुर्कस्तानात उतरण्याचा नियम वेगळा, तो क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या.

अर्धी फी, 45 युरो, फक्त 6 ते 11 वर्षांसाठी. बारा पूर्ण झाली की 90 युरो आणि बोटांचे ठसेही. अठराखालच्या मुलाच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात.

सँटोरिनीला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. छोट्या बोटीने खाली जुन्या बंदरात उतरायचं, मग केबल कार किंवा सुमारे 588 पायऱ्या. परतीच्या रांगेतच तास जातो, म्हणून चार तासांच्या थांब्यात बेटाच्या टोकाचं ओइया गाव बसवू नका. कंटाळलेलं पोर आणि सुटणारं जहाज, दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. 2025 पासून उन्हाळ्यात इथे उतरण्याचा माणशी 20 युरो करही आहे. तो तिकिटात धरलाय का ते पाहा.