दुसरा डोळा काळा का येतो? : ‘एक पुणेकर’ यांना उत्तर

‘एक पुणेकर’ या नावाने आलेली तक्रार थोडक्यात अशी: आईला मधुमेह आहे म्हणून डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढायला नेलं. कॅमेरा बाहुली मोठी करणारे थेंब न घालता चालणारा. उजवा डोळा लगेच झाला, डावा काळा आला. मग थेंब घालून पाऊण तास बसवलं, वर पुन्हा तीन-चार फ्लॅश. ऑटोफोकस असताना एवढा घोळ होतो, म्हणजे फोटो काढणाऱ्यालाच काम येत नाही. आणि मी मात्र मागच्या लेखात या कामाला उगाच डोक्यावर घेतलं.

डावा डोळा काळा आला तो बहुधा उजव्यामुळे. फंडस कॅमेऱ्याचा (म्हणजे पडद्याचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचा) प्रकाश कड्याच्या आकारात बाहुलीच्या काठाकाठाने आत जातो आणि पडद्याची प्रतिमा बाहुलीच्या मध्यातून बाहेर येते. या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर कॉर्नियावरून (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थरावरून) परतलेली चकाकीच फोटोत भरते. दोन्ही वाटा मावायला बाहुली साधारण 4 मिलिमीटर तरी उघडी लागते. बिनथेंबाच्या कॅमेऱ्यात नेम धरायचा तो अवरक्त प्रकाशात. तो डोळ्याला जाणवत नाही, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत बाहुली उघडी राहते. पण फ्लॅश पांढराच असतो. तो उजव्या डोळ्यावर पडला की दोन्ही बाहुल्या एकदम आकसतात. लगेच डावा घेतला तर कड्याचा प्रकाश बुबुळावर अडतो आणि फोटो कडेने किंवा पूर्णच काळवंडतो. तरुण माणसाला काही मिनिटं अंधारात बसवलं की काम भागतं. वयाने बाहुली लहान होते, आणि जुन्या मधुमेहात ती उघडणाऱ्या नसाही दुबळ्या होतात. अशा वेळी थेंबांना पर्याय नसतो.

तरी तुमच्या तक्रारीतला एक भाग रास्त आहे. ज्या डोळ्याची काळजी जास्त तो आधी घ्यायचा, मध्ये थांबायचं आणि ‘कदाचित थेंब लागतील’ हे सुरुवातीलाच सांगायचं, एवढं अपेक्षितच आहे.

पाऊण तासाचं म्हणाल तर, आपल्याकडे सहसा ट्रॉपिकामाइड 0.8 टक्के आणि फेनिलेफ्रिन 5 टक्के असे एकत्र थेंब वापरतात. त्यांना 20 ते 30 मिनिटं लागतात. गडद तपकिरी बुबुळांना आणि मधुमेहींना जास्तच. फेनिलेफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून हृदयविकार असेल तर नुसतं ट्रॉपिकामाइड देतात. डोळ्याचा कोन (आतलं पाणी वाहून जायची जागा) अरुंद नाही ना, हेही आधी पाहावं लागतं.

आता ऑटोफोकस. तो कडा रेखीव करतो. फोटो धुरकट का आला हे त्याला कळत नाही, आणि खरं काम तिथेच आहे. मोतीबिंदूचा धुरकटपणा कॅमेरा कितीही हलवला तरी हटत नाही. अंतर चुकलं असेल तर कडेला निळसर-करडी झाक किंवा चंद्रकोर येते, आणि जॉयस्टिक किंचित पुढे-मागे केली की ती सरकते. अश्रूंचा थर फाटला असेल तर दोन-तीनदा डोळे मिटायला सांगून लगेच फ्लॅश मारायचा. खालच्या कडेला उजळ फराटे दिसले तर त्या पापण्या. कापसाच्या काडीने पापणी उचलून धरायची, नेत्रगोलावर दाब न देता. एखादा ठिपका दोन्ही डोळ्यांच्या फोटोत, आणि पुढच्या रुग्णाच्याही, त्याच जागी असला तर ती धूळ. समोरच्या भिंगावरची धूळ पांढुरकी, पसरट दिसते आणि सेन्सरवरची काळी, ठळक. मधुमेहात आपण शोधतो ते रक्तवाहिन्यांचे सूक्ष्म फुगेही ठिपक्याएवढेच असतात, म्हणून हा भेद क्षुल्लक नाही. भिंग आधी ब्लोअरने आणि मगच लेन्स टिश्यूने, मध्यापासून बाहेर गोल फिरवत पुसायचं. शर्टाच्या टोकाने कधीच नाही. पुण्याच्या पावसाळ्यात दमट खोलीत कॅमेरा उघडा ठेवला तर भिंगाला बुरशी धरते, ती वेगळीच डोकेदुखी.

तीन-चार फ्लॅशचंही कारण असतं. एका फोटोत साधारण 45 अंशांचा भागच मावतो. म्हणून एक फोटो दृष्टिबिंदू (पडद्यावरची सर्वांत स्पष्ट दिसणारी जागा) मध्ये धरून, एक चकती (जिथून डोळ्याची नस बाहेर पडते ती जागा) मध्ये धरून, असे घेतात. (उजव्या डोळ्याच्या फोटोत चकती उजवीकडे दिसते. नावाच्या पट्टीत ‘डावा’ लिहिलं असेल तर तिथेच पकडता येतं.)

एफएफए म्हणजे शिरेत रंग सोडून पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढायची तपासणी, तिच्यात तर पुन्हा फोटो घ्यायची सोयच नसते. फ्लुरोसीन हा रंग हाताच्या शिरेत सोडल्यावर 10 ते 15 सेकंदांत पडद्याच्या धमन्यांत पोचतो. तो पहिला भरणा एकदाच दिसतो, त्यामुळे फोकस सुई टोचण्यापूर्वीच बसवून ठेवावा लागतो.

पुढच्या वेळी आईंना काळा चष्मा द्या आणि औषधांची यादी सोबत न्या. थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन बोचतं, तेव्हा तुमचेही डोळे तपासायचे असतील तर दुचाकी घरी ठेवून रिक्षाने जा. आणि कागदावरची प्रिंट नको, दोन्ही डोळ्यांच्या मूळ फाइल मागून घ्या. पुढच्या वर्षीचे फोटो त्यांच्याशीच ताडून पाहायचे आहेत.