पेट्रोल चोळा आणि वर हेअर ड्रायर मारा म्हणे!

"बोटी बनवणाऱ्या कारखान्यातली गुप्त युक्ती! टेपचा हट्टी गम दोन मिनिटांत गायब!!" असा मेसेज मावशीने आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. एरवी असलं काही मी अंगठा न थांबवता वर सरकवतो. पण हा देवबागच्या मामाने मन लावून वाचला, आणि मामाच्या दारात खरोखरच बोट आहे.

फायबरची होडी. मामा तिच्यातून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. यंदा इंजिनाच्या कामासाठी होडी मेच्या सुरुवातीलाच वर घेतली होती, तेव्हा कडेने लाल पट्टा मारायचा म्हणून त्याने मास्किंग टेप लावली. एक बाजू रंगवून झाली, मग लग्नं आली, मग पाऊस आला, वर ताडपत्री पडली. ऑगस्टमध्ये ताडपत्री काढून टेप ओढली तर कागदाचा भुगा हातात आणि गम होडीवर. नारळी पौर्णिमा आठवड्यावर. मी सहज फोन केला तर मामा खुशीत: "पेट्रोल हयसरच आसा, इकत आणूक नको." मामी आत हेअर ड्रायर शोधत होती.

मेसेजमध्ये उपाय सहा आहेत. पेट्रोल चोळून वर ड्रायर, बेकिंग सोडा अधिक व्हिनेगर, लिंबाचा रस, "कोणत्याही वस्तूवर" नेलपॉलिश रिमूव्हर, ब्लेड आणि शेवटी खोबरेल तेल. खाली ठळक अक्षरात: "१०० टक्के सुरक्षित, फ्रिज-ओटा-बोट सगळीकडे चालते."

ड्रायरपासूनच सुरुवात करू, कारण बाकी उपायांनी फार तर वस्तू खराब होते, इथे माणूस जातो. पेट्रोलचं सुरक्षा माहितीपत्रक तेल कंपन्या स्वतःच प्रसिद्ध करतात. कुणीही उघडून पाहावं. पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडायला लागतं ते उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास. म्हणजे देवबागच्या काय, लडाखच्या थंडीतसुद्धा ते पेटायला तयारच असतं. हवेत ही वाफ जेमतेम दीड टक्का झाली की ठिणगी पुरते. आणि हेअर ड्रायर म्हणजे तरी काय? पंख्यापुढे तापून लाल झालेली तार, शिवाय आत मोटर. तो हवा मागून ओढतो, तारेवरून नेतो आणि पुढे फेकतो. पेट्रोल चोळलेल्या जागेशेजारी तो चालू करायचा म्हणजे वाफ स्वतःच्या हाताने निखाऱ्यावरून फिरवायची. हे ज्याने लिहिलं त्याने एकदाही करून पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर मेसेज लिहायला बसला नसता.

होडीत तर हे आणखी वाईट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, खाली उतरते. होडीचा तळ म्हणजे तिच्यासाठी परातच. काठावर वास गेला म्हणून तुम्ही निर्धास्त होता आणि तळाशी ती साचून असते. स्वयंपाकघरात तीच वाफ ओट्यावरून उतरून फ्रिजच्या मागे जाते, जिथे कॉम्प्रेसरचा स्विच दर थोड्या वेळाने खटखट करतो. बीएस-६ पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन चालतं. बेंझिनने माणसाला कर्करोग होतो, याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या मनात शंका उरलेली नाही, त्यांनी ते पहिल्या गटात टाकलंय. ते उघड्या हाताने, बंद खोलीत चोळायचं. "१०० टक्के सुरक्षित."

"पण पेट्रोलने गम जातो की नाही?" हा मावशीचा प्रतिप्रश्न. जातो. मास्किंग टेपचा गम बहुधा रबर आणि राळ यांचा असतो आणि रबर पेट्रोलमध्ये फुगतं, सुटतं. पण तेच काम रॉकेल करतं, जरा सावकाश. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेल ३५ अंशांच्या खाली पेट घेण्याजोगी वाफ सोडता कामा नये. म्हणून तेही सावलीत, उघड्यावर, फडक्याला लावून, आणि जवळ कुणी बिडी ओढत नसताना. मेच्या उन्हात तापलेल्या फायबरवर रॉकेलही नको.

सोडा आणि व्हिनेगरचं काय बोलायचं. एक अल्क, एक आम्ल. एकत्र केले की फसफसतात, बघायला मजा येते, आणि फेस बसला की हातात उरतं सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी. गम पाण्यात विरघळत असता तर मामाच्या होडीवर अख्खा पावसाळा काढून तो टिकला असता का?

लिंबाच्या बाबतीत मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. रस कुचकामी, तो म्हणजे पाणी आणि सायट्रिक आम्ल. कामाचं तेल असतं सालीत. संत्र्याची साल फुग्याजवळ पिळली की फुगा फट्कन फुटतो, हा खेळ मुलांना माहीत असतो. सालीतलं लिमोनिन फुग्याचं रबर विरघळवतं, आणि गमचंही. बाजारातल्या स्टिकर काढायच्या कितीतरी द्रावणांना संत्र्याचा वास येतो तो यामुळेच. म्हणजे मेसेजवाल्याने लिंबू बरोबर निवडलं आणि नेमका नको तो भाग वापरायला सांगितला. फक्त थर्माकोलजवळ ते तेल नेऊ नका, तोही विरघळतो.

नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा ॲसिटोन असतं. काचेवर, स्टीलवर खुशाल वापरा. पण फ्रिजच्या प्लास्टिकवर, स्विचबोर्डवर, गाडीच्या मागच्या दिव्यावर लावलंत की प्लास्टिकच मऊ होऊन पांढरं पडतं, आणि तो डाग कुठल्याच युक्तीने निघत नाही. बोटीच्या पुढच्या ॲक्रिलिक काचेवर तर साधं सॅनिटायझरही नको, बारीक तडे जातात. फायबरवरची चकाकी, म्हणजे जेलकोट, ॲसिटोनचा झटपट हात सोसते. ओलं फडकं ठेवून चहा प्यायला गेलात तर निस्तेज होते.

ब्लेड काचेवर चालतं, फायबरवर नाही. जुनं एटीएम कार्ड घ्या.

आणि खोबरेल तेल. हा एक उपाय चांगला आहे, पण तो दिलाय शेवटी, एका ओळीत, आणि अर्धवट. लावून लगेच पुसलं तर काही होत नाही. अर्धा तास मुरू द्यायचं, मग कार्डाने खरवडायचं, मग भांड्याच्या साबणाने गरम पाण्यात दोनदा धुवायचं. धुण्याचा भाग मेसेजमध्ये नाहीच. ओट्यावर तेल राहिलं तर फार तर हात घसरेल. होडीवर राहिलं तर वरचा रंग धरत नाही, डोळे (म्हणजे रंग न बसलेले गोल खळगे) पडतात आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे निघतात. रंगाआधी डब्यावर सांगितलेल्या थिनरच्या फडक्याने एकदा पुसून घ्यावंच लागतं, आणि तेव्हा ड्रायर घरातच असलेला बरा.

हे सगळं टाळण्याची युक्ती खरं तर टेपच्या पुड्यावरच छापलेली असते. एका नामांकित कंपनीची निळी टेप १४ दिवसांत काढा असं सांगते. साधी पिवळट टेप रंग जरा सुकला की त्याच दिवशी काढलेली बरी. उन्हात रबर कडक होत जातं, कागद कुजतो, आणि मग असे मेसेज खरे वाटायला लागतात. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, पुडा तेव्हाच टाकला.

त्याला दोन दिवस लागले. सावलीत, आधी खोबरेल, जिथे हटेना तिथे रॉकेलचं फडकं, मग साबण. गम गेला, पण घासून घासून तेवढंच फायबर इतकं उजळलं की बाकीची होडी मळकी दिसायला लागली. ते झाकायला मामाने लाल पट्टा बोटभर जास्त रुंद मारला. मावशीने त्याचा फोटो ग्रुपवर टाकलाय, खाली लिहिलंय, "बघा, युक्ती कामाला आली."