खाली बसवलेल्या ट्रकचं स्टेअरिंग आणि तो सात कलमी उपाय

भाच्याने आपली पिकअप दोन-अडीच इंच खाली घेतली. दिसते छान, ते नाकारत नाही. पण तेव्हापासून ती खड्ड्यावर आपल्या मनाने वळते, जोरात ब्रेक लावला की एका बाजूला ओढते आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं दिसतं. त्याने चार लोकांकडे तक्रार केली आणि चौघांपैकी एकाने त्याला तो सगळीकडे फिरणारा मेसेज पाठवला: ‘ट्रक लो केल्यावर स्टेअरिंग बिघडलं? घाबरू नका, हे 7 उपाय करा.’ त्याने तो मला पुढे ढकलला आणि खाली लिहिलं, "मामा, यातलं चौथं उद्या करून घेतो."

चौथं काय आहे ते वाचलं आणि आधी त्याला फोन केला. मग हे लिहायला बसलो, कारण तो मेसेज थांबणारा नाही आणि प्रत्येकाला फोन करणं मला जमणारं नाही.

मेसेजमधली सात कलमं थोडक्यात अशी. एक, व्हील अलाइनमेंट केलं की सगळं ठीक होतं. दोन, स्टेअरिंग व्हील वाकडं राहिलं तर ते काढून दोन दाते सरकवून सरळ बसवा. तीन, ड्रॉप पिटमन आर्म लावा (पिटमन आर्म म्हणजे स्टेअरिंग बॉक्समधून निघून चाकांना वळवणारा हात). चार, तो मिळाला नाही तर आहे तोच आर्म गॅसवर लाल करून हवा तसा वाकवा आणि पाण्यात बुडवा, ‘म्हणजे पुन्हा कडक होतो’. पाच, स्टेअरिंग डँपर लावा. सहा, पुढून गाडी खाली गेली की कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) आपोआप वाढतो, त्याला हात लावू नका. सात, मागच्या बाजूचा स्टेअरिंगशी संबंध नाही, तिकडे बघू नका.

पहिल्या कलमात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करून टाकतो. गाडी खाली घेतल्यावर अलाइनमेंट करावंच लागतं. स्वतंत्र सस्पेन्शन (दोन्ही चाकं आपापली वर-खाली होणारं) असेल तर उंची बदलली की टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर वळलेली असणं) आणि कँबर (समोरून बघताना चाकाचा कल) दोन्ही बदलतात, आणि ते तसंच ठेवून चालवलं तर टायर आतल्या कडेने झिजतात. पण अलाइनमेंटच्या मशिनवर गाडी उभी असते. त्या एका उंचीवरचे आकडे मशिन दाखवतं. रस्त्यावर चाक वर-खाली होताना आपोआप किती वळतं, हे मशिनला कुणी विचारतच नाही. भाच्याची तक्रार नेमकी तीच आहे. अलाइनमेंटचा कागद हिरवा आणि गाडी खड्ड्यावर वळते, या दोन गोष्टी खुशाल एकत्र नांदू शकतात.

ते वळणं कुठून येतं ते आधी बघू, म्हणजे तिसरं कलम किती उलटं आहे ते कळेल.

पुढे सलग अ‍ॅक्सल असलेल्या ट्रकमध्ये स्टेअरिंग बॉक्स चासीवर असतो. त्याचा पिटमन आर्म ड्रॅग लिंकला ढकलतो आणि ड्रॅग लिंक चाकाकडच्या स्टेअरिंग आर्मला. म्हणजे लिंकचं एक टोक चासीबरोबर राहतं आणि दुसरं अ‍ॅक्सलबरोबर वर-खाली होतं. कंपनीने उंची ठरवताना ही लिंक साधारण समतल राहील असं बघितलेलं असतं, कारण समतल दांडा थोडा वर-खाली झाला तर आडवं अंतर फारसं बदलत नाही. आता गाडी खाली घ्या. चासीबरोबर बॉक्स खाली आला, पिटमनचं टोक खाली आलं, अ‍ॅक्सल होतं तिथेच राहिलं. लिंक तिरकी झाली.

समजा गाडीच्या आडव्या दिशेने जाणारी ड्रॅग लिंक 600 मिमी लांब आहे. समतल असताना सस्पेन्शन 25 मिमी दबलं तर आडव्या अंतरात जेमतेम अर्ध्या मिमीचा फरक पडतो. तीच गाडी 60 मिमी खाली घेतली, म्हणजे लिंकच्या दोन टोकांत 60 मिमीचा चढ आला, की तेवढ्याच 25 मिमीच्या दाबाला फरक होतो 3 मिमी. सहा पट. स्टेअरिंग आर्म 150 मिमीचा धरला तर चाक एक अंशाहून जास्त वळलं, आणि स्टेअरिंगला तुम्ही हातही लावलेला नाही. ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं तेव्हाही हेच होतं, म्हणून गाडी ओढते आणि लोक ब्रेक उघडून बसतात. (लिंक पुढून मागे जाणारी असेल तर पाट्यांबरोबर (लीफ स्प्रिंगबरोबर) अ‍ॅक्सल ज्या कमानीत फिरतो तीही हिशोबात घ्यावी लागते. आकडे बदलतात, मुद्दा तोच.)

आता तिसरं कलम. ड्रॉप पिटमन आर्म म्हणजे लिंकचं टोक आणखी खाली नेणारा आर्म. हा उपाय खरा आहे, पण उंच केलेल्या गाड्यांसाठी! लिफ्ट केल्यावर चासी वर जाते, पिटमनचं टोक वर राहतं, म्हणून ते खाली आणायला ड्रॉप आर्म. मेसेज लिहिणाऱ्याने लिफ्टवाल्यांचा उपाय उचलला आणि खाली घेतलेल्या गाडीला चिकटवला. वरच्याच उदाहरणात 50 मिमीचा ड्रॉप आर्म लावला तर 60 चा चढ 110 होतो आणि 3 मिमीचा फरक 5 च्या वर जातो. म्हणजे आजार होता त्याहून पावणेदोन पट. खाली घेतलेल्या गाडीला हवा असतो कमी ड्रॉपचा किंवा सपाट पिटमन आर्म, नाहीतर चाकाकडचं टोक खाली आणणारा स्टेअरिंग आर्म. लिंक पुन्हा समतलाजवळ आली पाहिजे, एवढंच ध्येय. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) असेल तर तो आणि ड्रॅग लिंक समांतर राहिले पाहिजेत. एकच सुधारलात तर दुसरा भांडतो.

हे तपासायला मशिन लागत नाही. सपाट जागी गाडी उभी करा, चाकं सरळ, इंजिन बंद. स्टेअरिंगच्या रिमवर वरच्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावा. दोघांना पुढच्या बंपरवर भार देऊन गाडी दाबायला आणि सोडायला सांगा आणि तुम्ही पट्टीकडे बघा. पट्टी डावी-उजवीकडे डोलत असेल तर लिंकचा तिरकेपणा समोर दिसला. मग खाली वाकून लिंकवर स्पिरिट लेव्हल धरा. एवढं केल्याशिवाय कुठलाच पार्ट मागवू नये.

आता चौथं, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

पिटमन आर्म, स्टेअरिंग आर्म, टाय रॉड आर्म (दोन चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचा हात) हे भाग फोर्ज केलेल्या, म्हणजे तापवून दाबून घडवलेल्या पोलादाचे असतात आणि फोर्जिंगनंतर त्यांना ठरावीक तापमानाला नेऊन, थंड करून, पुन्हा ठरावीक तापमानाला तापवून तयार केलेलं असतं. त्यांची ताकद आणि लवचीकता या प्रक्रियेतून येते. गॅसवर लाल केलं की ती पुसली गेली. मग ‘पाण्यात बुडवा म्हणजे कडक होतो’. होतो ना, कडक होतो! नुसता कडक होतो, काचेच्या बाजूला झुकणारा कडक, कारण पाण्यात बुडवल्यावर लागणारं टेंपरिंग, म्हणजे ते दुसरं ठरावीक तापवणं, तिथे कुणी करत नाही. जिथे लाल झालं तिथे ठिसूळ, जिथे अर्धवट तापलं तिथे मऊ, आणि दोन्हींची हद्द नेमकी वाकवलेल्या जागेच्या आसपास. वरून काळा रंग मारला की भाग नवा दिसतो. चुंबकीय तपासणीत भेग असली तर कळते, पण धातू ठिसूळ किंवा मऊ झालाय हे त्यात कळत नाही.

कुणी म्हणेल, आम्ही वर्षानुवर्षे वाकवतोय. म्हणून एक दाखला देतो, तोही माझ्या मताचा नाही. मेरिटॉर ही ट्रकचे अ‍ॅक्सल बनवणारी जुनी अमेरिकी कंपनी, 2022 पासून कमिन्सच्या मालकीची. पुढच्या अ‍ॅक्सलच्या तिच्या देखभाल पुस्तिकेत स्टेअरिंग नकल (चाक धरून वळणारा भाग), स्टेअरिंग आर्म, टाय रॉड आर्म, टाय रॉड, बॉल स्टड आणि अ‍ॅक्सल बीम या भागांवर वेल्डिंग करायला मनाई आहे आणि ते वाकवायलाही मनाई आहे. गरम करून वाकवायला आणि थंड असतानाही. कारणही दिलंय: यातले कितीतरी भाग हीट ट्रीट केलेले आहेत आणि त्यांना तापवलं, वाकवलं, वेल्ड केलं तर ताकद आणि आयुष्य दोन्ही घटतं. भाग बिघडला असेल तर बदला, दुरुस्त करू नका. पिटमन आर्म त्या यादीत नाही असं म्हणून कुणी पळवाट काढू नये. तो स्टेअरिंग बॉक्सबरोबर येतो म्हणून अ‍ॅक्सलच्या पुस्तिकेत नाही, आणि चाकाकडे जाणारा सगळा जोर त्याच्यातूनच जातो. ज्यांनी हे भाग बनवले तेच सांगतायत की आम्हालाही हे दुरुस्त करता येत नाहीत. मग गॅसची नळी हातात धरलेल्या माणसाला कुठली जास्तीची विद्या येते?

ब्रेकला दोन सर्किट असतात. एक गेलं तर दुसरं थोडंफार थांबवतं. ड्रॅग लिंक एकच असते, पिटमन आर्मही एकच. तो तुटला तर हातातलं स्टेअरिंग मोकळं फिरतं आणि चाकं त्यांना वाटेल तिकडे जातात. समोरून येणाऱ्याने तर गाडी लो केलेली नसते.

याच जातीची आणखी एक युक्ती मेसेजमध्ये नाही पण गॅरेजात दिसते: टाय रॉड एंड वरून खालच्या बाजूला उलटा लावायचा म्हणून आर्मचं निमुळतं भोक सरळ ड्रिल मारून मोठं करणं. एंडचा निमुळता दांडा त्या निमुळत्या भोकात घट्ट बसतो म्हणून तो धरून ठेवतो. सरळ भोकात तो नुसता नटवर लटकतो, हलतो आणि शेवटी मोडतो. उलट बाजूने लावायचाच असेल तर त्याच निमुळत्या मापाची स्लीव्ह लागते आणि ते काम टर्नरचं आहे. आणि कॅसल नट टॉर्कला आवळल्यावर पिनचं भोक जुळत नसेल तर पुढे आवळून जुळवायचं. मागे सैल करून जुळवलेला नट मला दिसला की मी चावी परत देतो.

दुसरं कलम दिसायला निरुपद्रवी आहे, म्हणून जास्त लोक करतात. स्टेअरिंग व्हील काढून सरळ बसवणं म्हणजे थर्मामीटर झटकून ताप उतरवणं. लिंक तिरकी झाली म्हणून तिचं आडवं अंतर बदललं आणि चाकं सरळ असताना बॉक्स मधोमध राहिला नाही. या बॉक्सची रचना अशी असते की अगदी मध्यावर त्याचे दात सर्वांत घट्ट बसतात आणि दोन्ही बाजूंना थोडे सैल होत जातात. व्हील सरकवलं की डोळ्याला सरळ दिसतं, पण सरळ चालताना बॉक्स आता त्या सैल भागात काम करतो. मग ‘स्टेअरिंगला प्ले आलाय’ म्हणून बॉक्सचा स्क्रू आवळतात, आणि मध्यावरून जाताना तो अडकायला लागतो. शिवाय दोन्ही बाजूंचं वळण असमान होतं ते वेगळंच. योग्य रस्ता सोपा आहे: बॉक्स मोजून मध्यावर आणा, चाकं सरळ करा आणि ड्रॅग लिंकची लांबी तिच्या अ‍ॅडजस्टरने जुळवा. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी असलेल्या गाडीत त्यानंतर स्टेअरिंग अँगल सेन्सरही शून्यावर घ्यावा लागतो.

डँपरबद्दल फार लिहीत नाही. हाताला बसणारे झटके तो मऊ करतो, वाईट वस्तू नाही. पण लिंकचा कोन तो बदलत नाही, आणि किंगपिनचे (चाक ज्या खिळीवर वळतं तिचे) बुश झिजलेले असतील तर ते झाकून ठेवतो.

सहावं कलम साफ चूक आहे. कॅस्टर म्हणजे किंगपिनचं वरचं टोक मागे किती झुकलंय ते. त्यामुळे चाक स्वतःहून सरळ यायला बघतं. फक्त पुढून गाडी खाली घेतली तर चासी पुढे झुकते, तिच्याबरोबर अ‍ॅक्सलही झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. व्हीलबेस 3000 मिमी आणि पुढून 50 मिमी खाली धरा: जवळजवळ एक अंश गेला. मुळात दोन-तीन अंश असलेल्या गाडीत एक अंश जाणं म्हणजे ती हायवेवर पोहायला लागणार, वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत येणार नाही. उपाय म्हणजे पाटे आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये बसणारी पाचर. पाटे वर आणि अ‍ॅक्सल खाली असेल तर तिची जाड बाजू मागे. उलटी लावली तर उरलासुरला कॅस्टरही जातो, आणि हे बघितलेलं आहे म्हणून लिहितोय. यू-बोल्ट नवे घ्या.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या पिकअपला स्प्रिंग कापण्यापेक्षा किंवा टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) सैल करण्यापेक्षा ड्रॉप स्पिंडल बरा. त्यात चाकाचा दांडाच वर सरकवलेला असतो, त्यामुळे आर्म आणि टाय रॉडचे कोन जवळपास मूळचेच राहतात. कापलेली स्प्रिंग मात्र कोन बिघडवते, वर गाडी सारखी बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आपटते.

राहिलं सातवं. मागचा काही संबंध नाही म्हणे. पुष्कळ पिकअप आणि ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलला एक दांडी असते, ती वर चासीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला जोडलेली. मागची बाजू दबली की व्हॉल्व्ह समजतो माल भरलाय आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. मागून गाडी खाली घेतली आणि ती दांडी तशीच ठेवली, तर गाडी रिकामी असतानाही व्हॉल्व्ह भरलेली समजतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीचं शेपूट बाजूला जातं. तेव्हा पुढचं स्टेअरिंग कितीही अचूक असलं तरी उपयोग नाही. दांडीची सेटिंग कंपनीच्या मापाने नव्या उंचीला पुन्हा करावी लागते. भाच्याच्या गाडीत ती दांडी तारेने वर बांधून ठेवलेली निघाली.