कर्णाला बिचारा म्हणू नका

आपल्याकडे कर्णाचा विषय निघाला की गाडी लगेच शापांवर जाते, परशुरामांचा शाप, ब्राह्मणाचा शाप, इंद्राने मागून नेलेली कवचकुंडलं, आणि मग 'बिचाऱ्याचं नशीबच खोटं' म्हणून विषय बंद. इकडे परदेशात कुणाला हीच गोष्ट सांगितली की पहिला प्रश्न येतो, मग त्याने दुर्योधनाला सोडलं का नाही?

मला हा प्रश्न जास्त खरा वाटतो, कारण त्याचं उत्तर महाभारतातच आहे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला जन्माचं सत्य सांगतो, तू थोरला, राज्य तुझं. कर्ण नाही म्हणतो. आणि पांडवच जिंकणार हे त्याला दिसत असतं, तसं तो कृष्णाला बोलूनही दाखवतो, तरी राधा-अधिरथाची माया आणि दुर्योधनाचं मीठ सोडत नाही. एवढं सगळं माहीत असून ठरवणारा माणूस बिचारा कसा? चाक शापामुळे रुतलं असेल, पण रथ कुठल्या बाजूला उभा करायचा हे त्याचं त्यानेच ठरवलं होतं.

आणि बिचारा म्हटलं की द्यूतसभा पण धुवून निघते, मला सगळ्यात ते खटकतं. द्रौपदीची वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला कर्णानेच सांगितलं. तिने स्वयंवरात सूतपुत्र म्हणून नाकारलं त्याचा राग, असं सांगतात, पण महाभारताची जुनी हस्तलिखितं ताडून तयार केलेल्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत तो नकार मूळ पाठात घेतलेलाच नाही. त्याच सभेत विकर्ण, दुर्योधनाचा सख्खा भाऊ, तिच्या बाजूने उठून बोलला आणि कर्णाने उलट त्यालाच झापलं.

इथल्या लोकांचं एक मात्र मला पटत नाही, यांच्याकडे सगळंच माणसाच्या हातात, हरला तर चूक त्याचीच. अरे पण कुंतीने नदीत सोडलं, रंगभूमीवर कृपाचार्यांनी भर लोकांत कुळ विचारलं, यात कर्णाने काय निवडलं? तेव्हा अंगदेशाचं राज्य देऊन त्याला शेजारी बसवणारा एकटा दुर्योधन होता, आणि परक्या देशात पहिल्यांदा आपलं म्हणणाऱ्या माणसाशी आपण किती बांधले जातो हे बाहेर राहिलेल्या कुणालाही विचारा. मीठ खाल्लं म्हणून तो लढला हे मी समजू शकते. सभेतलं बोलणं नाही. चाक रुतल्यावर कर्ण धर्माची आठवण करून देतो तेव्हा कृष्णसुद्धा शापांचं नाव काढत नाही, सभेचंच काढतो आणि विचारतो, तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता?