काळा कोंबडा, अमावस्या आणि मी

गटारीच्या सकाळी चिकनच्या दुकानात रांगेत उभं राहून मी एवढंच म्हणालो, “काळ्या कोंबड्याची मानेची पिसं मिळतील का?” रांगेतली सगळी बोलणी थांबली.

“काळ्याच का?” पुढे उभ्या असलेल्या काकांनी विचारलं. हातात स्टीलचा डबा, आणि पलीकडे वजनकाट्यावर पाय बांधलेला, काळाभोर, त्यांचा कोंबडा.

“माशी बांधायचीय.”

“कोणाला?”

“गळाला.”

“गळ्याला? कोणाच्या?”

“गळाला, काका. मासे पकडायच्या गळाला. पिसं, दोरा, तार गुंडाळून खोटा किडा करायचा.”

“मग गांडूळ लावा की! आमच्या वेळी कणकेला यायचे मासे.” मग डबा या हातातून त्या हातात घेत, आवाज खाली आणून, “आज अमावस्या आहे. जादूटोण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, ठाऊक असेलच.”

खरं तर बोलायलाच नको होतं. पण मी समजावायला गेलो. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात चिलापी माशाला खालून काळी आकृती ठळक दिसते. पाण्यावर तरंगणारी माशी पिसाच्या ताठ तंतूंवर उभी राहते, आणि असे तंतू वर्षभर जगलेल्या नराच्या मानेवर चांगले मिळतात. ब्रॉयलर सहा आठवड्यांत संपतो, त्याची पिसं नुसती कापूस. बुडाशी मऊ जाळी असलेलं पीस पाणी पितं आणि माशी बुडते.

“पांढरी घ्या, कलप लावा,” काका म्हणाले.

कलपाने रंग येतो, ताठपणा येत नाही. पण हे काकांना तोंडावर सांगणं बरं दिसलं नसतं. मी दुकानदाराकडे वळलो. मानेचं मांस काकांना, कातडं मला, तसंही ते पिंपातच जातं. दुकानदार तयारही झाला होता. तिथेच माशी शिंकली.

“बुडव रे ते,” काका म्हणाले. “माझ्या कोंबड्याचं काही कोणाकडे जायला नको.”

उकळत्या पाण्यात एक गटांगळी, मग पिसं काढायचं मशीन, आणि बाहेर आला ओला, मोडका, चिकट गोळा. शेवटी पूर्ण भाव मोजून मी अख्खा तांबडा गावरान घेतला. फुकट फेकायच्या वस्तूची आपल्याला गरज आहे असा वास लागला, की या शहरात तिला भाव फुटतो. पिसांसकट वाळवलेली परदेशी तयार मान काही हजारांना पडते म्हणून हा सगळा खटाटोप, आणि तोही रांगेत आरोपी होऊन.

पुण्याच्या बोहरी आळीत वेगळी तऱ्हा. माशीला जरीचा बारीक धागा मागितला तर “ब्लाउजपीस आणलाय का? रंग जुळवायला लागेल.” चिलापी रंग जुळवून खात नाही हो! दोऱ्याला शिलाईच्या दुकानात साधं रीळ मागू नये, जाड असतं, माशीचं डोकं वाटाण्याएवढं होतं. ओव्हरलॉक शिलाई मशीनचा बारीक पॉलिस्टर दोरा मागावा. डोक्यावरच्या गाठीला रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात पुरतात.

तांब्याच्या तारेसाठी मोटर वाइंडिंगवाल्याकडे गेलो, तर पाव किलोच्या खाली देत नाही म्हणाला. ०.२ मिलिमीटरची पाव किलो तार म्हणजे जवळजवळ ९०० मीटर. एका माशीला लागते वीतभर. म्हणजे चार हजार माशा! एवढ्या तर मी नोकरीतही मारल्या नसतील. कापून उरलेले तुकडे मागा, चहाच्या पैशात मिळतात.

तर ती तांबडी मान. चाकूची बोथट बाजू घेऊन कातड्याची चरबी खरवडायची, अगदी कागद होईपर्यंत. इथे आळस केला की आठवड्यात वास, मग किडे. त्यावर मीठ आणि टाकणखार (बोरॅक्स) निम्मंनिम्मं चोळायचं, पिसं खाली करून पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणायचं आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवायचं. पावसाळ्यात जास्तच. मग डांबराच्या गोळ्या घालून डब्यात. पीस निवडताना ते गळाभोवती वाकवून बघावं, तंतू गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडीमधल्या अंतराच्या, दीडपट लांब हवेत.

पुठ्ठा बाल्कनीत ठेवला होता. कोंबड्याची मान, तिच्यात चौदा टाचण्या, भोवती पांढरी पूड. दुसऱ्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडाच्या दारावर लिंबू-मिरची लटकली.

टाचण्या मात्र स्टेनलेसच्या घ्याव्यात. साध्या मिठाने गंजतात आणि पिसांना डाग पडतो.