चिलखत आणि शिक्का

मेलबर्नच्या राज्य ग्रंथालयात ऑस्ट्रेलियातला गाजलेला दरोडेखोर नेड केली याचे चिलखत काचेआड ठेवलेले आहे. लोखंडी नांगरांची पाती ठोकून घडवलेल्या या सुमारे ४४ किलोंच्या धुडावर गोळ्यांचे पोचे अजून दिसतात, शिरस्त्राणाला डोळ्यांपुरती फट आहे आणि पायांना मात्र फारसे संरक्षण नाही. जून १८८० मध्ये ग्लेनरोवन येथे पोलिसांनी पायांवर गोळ्या झाडूनच त्याला पाडले आणि ११ नोव्हेंबरला फासावर चढवले. शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती रेडमंड बॅरी याच ग्रंथालयाच्या संस्थापकांपैकी होते; आता त्यांचा पुतळा दारापुढे उन्हापावसात उभा आहे आणि त्यांचा गुन्हेगार आत काचेच्या पेटीत.

भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी हमखास तिथे नेतो. गेल्या ७ सप्टेंबरला असाच परतलो, तर घरच्या व्हॉट्सॲप गटावर चांगलीच जुंपली होती. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या उमाजी नाईकांच्या जयंतीनिमित्त भाच्याने ‘आद्य क्रांतिवीरास अभिवादन’ असे लिहिले होते आणि त्याखाली थोरल्या काकांनी ठणकावले होते, “दरोडेखोर होता तो. इंग्रजांच्या नोंदी वाचा.”

इथल्या मोकळेपणाचा दाखला देऊन दोघांनाही गप्प करावे, असे मला आधी वाटले. केलीच्या टोळीने १८७८ मध्ये स्ट्रिंगीबार्क क्रीकपाशी तीन पोलिसांना ठार केले, त्या तिघांचे स्मारक मॅन्सफील्ड गावाच्या भर चौकात आहे. तरीही धाडसी माणसाला ‘केलीसारखा’ म्हणण्याची इथे रीत आहे आणि दोन्ही बाजूंची माणसे एकाच बाकावर बसून कॉफी घेतात. परंतु विचार करताना ही तुलना मलाच लंगडी वाटू लागली.

केलीची बाजू त्याच्याच शब्दांत उरली आहे. १८७९ मध्ये त्याने साथीदार जो बर्न याच्याकडून लिहवून घेतलेले ५६ पानांचे पत्र याच ग्रंथालयात आहे, आणि पोलिसांविषयीची त्याची आगपाखड त्यात कोणालाही वाचता येते. उमाजींविषयी काका ज्या नोंदी वाचायला सांगतात, त्यांतली सर्वांत तपशीलवार नोंद कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश यांची आहे, म्हणजे उमाजींच्या पाठलागावर असलेल्या अधिकाऱ्याची. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात उमाजींना फाशी झाली आणि पुढच्याच वर्षी हे लेखन छापून आले. ते टाकाऊ मुळीच नाही, पण शिकाऱ्याने लिहिलेली शिकारीची हकिकत म्हणूनच ते वाचले पाहिजे.

याहून मोठा फरक शिक्क्याचा आहे. केलीचा बाप आयर्लंडमधून शिक्षा होऊन इथे आणलेला कैदी होता आणि आयरिश कुळांकडे पोलीस संशयाने पाहत असत, हे खरे. तरी आज घराण्यात असा कैदी सापडला की इथली माणसे अभिमानाने सांगतात. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवण्याची पद्धत सुरू केली. पुरंदरच्या राखणीचे वंशपरंपरागत काम करणारे रामोशी, म्हणजे उमाजींची जमात, आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत, आणि ‘विमुक्त’ या शब्दातच आधीचा शिक्का दडलेला आहे. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण चोरी झाली की आधी कोणाच्या वस्तीवर जायचे, याची सवय कागदाबरोबर जात नाही. म्हणून काकांचा शब्द एका माणसापुरता राहत नाही, तो वस्तीपर्यंत पोहोचतो; भाच्याचा संताप तिथून आलेला होता, जरी त्याने तो ओरडून घालवला.

अर्थात उमाजींच्या टोळीने वाटा अडवल्या, गावे लुटली, आणि लुटल्या गेलेल्यांपैकी सारे काही इंग्रजांचे हस्तक नव्हते. हा भाग जयंतीच्या भाषणांतून हटकून गळतो.

रात्री काकांना फोन केला. “मग म्हणायचे तरी काय त्याला?” त्यांनी विचारले.

“पुरंदरचे बंडखोर नाईक म्हणा,” मी म्हणालो, “आणि दरोडेही लिहा, गाव आणि तारखेसकट.”