मानधन घेतलं म्हणून कथा त्यांची होत नाही

मानेवाड्याहून भाचीचा फोन आला. तिने एका वेबसाइटला लिहून दिलेल्या 12 बालकथा त्यांनी पुस्तिकेत छापल्या, वर नाव दुसऱ्याच कुणाचं. मी म्हटलं, अगं मग जाब विचार ना! तर तिने मला एक फॉरवर्ड पाठवला, ‘फ्रीलान्स लेखकांसाठी कायद्याच्या चार गोष्टी’. नागपुरातल्या लिहिणाऱ्यांच्या ग्रुपांवर तो मलाही तीनदा आलाय.

पहिली गोष्ट: ‘मानधन घेतलं की लेखनावरचा सगळा हक्क पैसे देणाऱ्याचा.’ साफ चूक! कॉपीराइट कायदा 1957, कलम 17: लिहिणारा हाच पहिला मालक. पगारी नोकरीचा भाग म्हणून लिहिलं, तर हक्क बहुतेक वेळा नोकरी देणाऱ्याकडे जातो, तेवढं खरं. पण भाचीला ना पगार, ना हजेरी, ना पीएफ. एका कथेचे 800 रुपये, तेही बिल पाठवल्यावर. तिच्याकडून हक्क विकत घ्यायचा तर कलम 19 प्रमाणे लेखी करार लागतो आणि त्यावर तिची सही लागते. कोणतं लेखन, कोणते हक्क, किती काळासाठी, कुठे, मोबदला किती, हे सगळं त्यात यायला हवं. मुदत लिहिलीच नसेल तर 5 वर्षं धरतात. भाचीकडे काय आहे? ‘कथा मिळाली, छान झाली, बिल पाठवा,’ एवढा एक मेल. सही कशावरच नाही.

आणि नावाचं काय? हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिलंय’ म्हणायचा अधिकार कलम 57 लेखकाकडेच ठेवतं. हा असला फॉरवर्ड खरा मानून पोरगी 4 महिने गप्प बसली, याचा मला संताप येतो.

‘नोंदणी नाही तर कॉपीराइट नाही.’ खोटं. लिहून झालं की हक्क आलाच; नोंदणी कोर्टात पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण सक्तीची नाही. ‘मूळ लेखकाचं नाव टाका आणि हवं तेवढं उचला.’ नाव टाकणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. ‘असं म्हणतात, असं लिहिलं की बदनामीचा खटला होत नाही.’ यावर विसंबून कुणी काही छापू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीला आजही 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

भाचीला रविवारी बोलावलंय. 12 कथांच्या मूळ फाइली, ते मेल, बिलं आणि पुस्तिकेची एक प्रत घेऊन ये म्हटलं. नोटिशीचा मसुदा वकिलाकडे जाण्याआधी आम्ही दोघं बसून करणार आहोत.